न बांधलेल्या रॅम्पची चोरी

बिनचूकरावांच्या इमारतीला दारात पाच पायऱ्या आहेत, हे बिनचूकरावांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तशा त्या अठरा वर्षं तिथेच होत्या. ते त्या रोज चढत होते, उतरत होते, त्यांच्यावर उभे राहून पेपरवाल्याशी भांडत होते, पण मोजल्या अशा कधीच नव्हत्या. आणि हा माणूस कोण? तर इमारत परवानगी खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून एकही फाइल चुकीसाठी परत न आलेला! बिनचूक हे काही त्यांचं आडनाव नव्हे, खात्याने दिलेली पदवी. पण ती इतकी अंगवळणी पडली की दारावरच्या पाटीवर बिनचूक मोठ्या अक्षरांत आणि खरं नाव खाली कंसात.

पायऱ्या मोजायची वेळ आली ती बाईंमुळे. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, आणि खरं सांगायचं तर बिनचूकरावसुद्धा मनातल्या मनात बाईच म्हणायचे. बसमधून उतरताना त्यांचा पाय निसटला, पाठीचा मणका दुखावला आणि कमरेखालचं काही ऐकेनासं झालं. तीन महिने इस्पितळ झालं. रडायचं ते तिथेच रडून झालं. चाकाच्या खुर्चीतून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारापर्यंत आल्या, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, पाच आहेत."

"काय पाच?"

"पायऱ्या. मी शाळेत कशी जायची?"

शाळेचं पत्र आलेलंच होतं. मुख्याध्यापिका भली बाई. वर्ग तळमजल्यावर आणला होता, फळा दोन फूट खाली घेतला होता. पण पत्राच्या शेवटी एक ओळ होती. रजा पुढील महिनाअखेर संपते, त्यानंतरच्या एक तारखेला हजर व्हावे, न झाल्यास आपण नोकरी स्वेच्छेने सोडली असे समजण्यात येईल. अपंगत्व आलं म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही, तसा कायदा आहे. पण माणूस घरातून बाहेरच पडू शकला नाही, तर काढायची तसदी तरी कोण घेतो?

"मला वर्ग हवाय," बाई म्हणाल्या. "या तीन खोल्यांत मी दिवसभर तुमच्याकडे बघत बसले तर मला वेड लागेल. आणि तुम्हालाही."

एक तारखेला सत्तेचाळीस दिवस होते. बिनचूकराव म्हणाले, "सत्तेचाळीस दिवसांत मी तुला पूल बांधून देईन." पाच पायऱ्यांचा तर प्रश्न!

उचलून नेण्याचा मार्ग आधीच बंद झाला होता. इस्पितळातून आणताना चार शेजाऱ्यांनी बाईंना खुर्चीसकट उचललं होतं. त्यातला एक म्हणाला, "डावा कोपरा सांभाळा." दुसरा म्हणाला, "आमचा सोफा आणला तेव्हा असाच तिरका केला होता." दार लागल्यावर बाई म्हणाल्या, "आजपासून मला कुणी उचलायचं नाही. मी सामान नाहीये." विषय संपला.

मग मेहुणा आला. बाईंचा धाकटा भाऊ, दुकानांचं फर्निचर करणारा. जगातला कुठलाही प्रश्न फळी आणि चार खिळ्यांनी सुटतो असं त्याचं मत. त्याने एक जुनं दार आणलं आणि पायऱ्यांवर टाकलं. "भावोजी, झाला रॅम्प. उगाच चर्चा." आधी कुणीतरी बसून बघावं असं ठरलं. मेहुणा म्हणाला, "मी ढकलायला हवा." म्हणजे बसणार कोण हे उघड होतं.

बिनचूकराव खुर्चीत बसले. मेहुण्याने हँडल धरलं होतं, असं मेहुणा अजूनही शपथेवर सांगतो. पण खुर्ची निघाली ती निघालीच! दारावरून खाली, अंगणातून सरळ, उघड्या फाटकातून रस्त्यावर, रस्ता ओलांडून समोरच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली. इस्त्रीवाला भला माणूस. त्याने फक्त एवढंच विचारलं, "काका, कपडे आणलेत का?" बिनचूकरावांचा चष्मा वाकला, कोपर सोललं, आणि वरच्या गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, ते सगळ्यांत जास्त लागलं.

बाईंनी मात्र कागद-पेन्सिल मागवली. "एक पायरी सात इंच. पाच म्हणजे पस्तीस. कायद्याच्या नियमात एकास बारा दिलंय. एक इंच चढायला बारा इंच लांबी. म्हणजे पस्तीस फूट."

"पस्तीस फूट?" मेहुणा हबकला. "अंगणच चौदा फूट आहे, ताई!"

"मग दोन वळणं घ्यायची. गणित आहे ते, त्याला अंगणाशी काय करायचंय?"

दोन वळणं घेतली की रॅम्प इमारतीच्या चिटणीसांच्या स्कूटरवरून जात होता. चिटणीस हे इमारतीचे तहहयात चिटणीस. निवडणूक व्हायची, पण उभं कुणी राहायचं नाही. ते म्हणाले, "बाईंबद्दल मला अतोनात सहानुभूती आहे. पण आज रॅम्प, उद्या आणखी कुणी आणखी काही मागेल. इमारतीच्या दर्शनी भागाचं काय? आणि मोकळ्या जागेत बांधकाम म्हणजे खात्याची परवानगी लागणार. तेवढं पत्र आणा, मी स्वतः स्कूटर हलवतो."

"खात्याची?" बिनचूकरावांना हसू आवरेना. "अहो, खातं म्हणजे माझं माहेर! परवा पत्र तुमच्या हातात."

खातं पहिल्या मजल्यावर. बिनचूकराव निवृत्तीनंतर प्रथमच जिना चढले. शिपायाने सलाम केला. त्यांच्या जुन्या खुर्चीत आता एक तरुण अधिकारी बाई बसत होत्या. एके काळी त्यांच्याच हाताखाली टिपण्या लिहायला शिकलेल्या. "या सर, बसा सर," म्हणत त्यांनी फाइल मागवली, चाळली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"सर, तुमच्या इमारतीला रॅम्प आहे."

"नाहीये."

"आहे सर. रकाना सतरा. 'अपंगांसाठी सोय: आहे.' असलेल्या रॅम्पवर दुसऱ्या रॅम्पची परवानगी कशी देणार?"

"अगं, मी तिथे राहतो! मला नाही दिसला!"

अधिकारी बाईंनी फाइल फिरवून त्यांच्यापुढे केली. निळा शिक्का. शिक्क्याखाली सही. सहीच्या शेवटी आकड्यासारखं वळण. त्या वळणाचा बिनचूकरावांना आयुष्यभर अभिमान वाटत आला होता. आता ते बघून त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

रकाना सतराची गोष्ट सांगितल्याशिवाय आता पुढे जाता येत नाही. बिनचूकराव नोकरीत नवे असताना एकदा खात्याच्या दारात माणसं येऊन बसली होती. चाकाच्या खुर्च्यांतली, कुबड्यांवरची, काठी टेकत आलेली. एकोणीस दिवस हलली नाहीत. 'दया नको, दार द्या' असा फलक होता. बिनचूकरावांना मागच्या तारेच्या कुंपणातून आत शिरावं लागायचं, त्यात त्यांची नवी पँट फाटली, आणि त्या आंदोलनाबद्दल त्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच. हो, आणखी एक. फलक धरलेल्या एका बाईने त्यांना म्हटलं होतं, "साहेब, आम्हाला वर येता येत नाही, आमचा अर्ज तुम्ही खाली येऊन घ्या ना." त्यावर बिनचूकराव म्हणाले होते, "अर्ज आवक टेबलावर द्यायचा असतो. टेबल वर आहे."

मग कायदा झाला. अशा माणसांनी अशा एकोणीस दिवसांतून, आणि देशभर अशा किती दारांतून, तो करायला लावला होता. खात्याला परिपत्रक आलं की यापुढे प्रत्येक नकाशात सोय दाखवलीच पाहिजे, जागेवर जाऊन तपासलीच पाहिजे. फॉर्ममध्ये रकाना सतरा वाढला. तेव्हा दोनशे फायली तुंबलेल्या. प्रत्येक जागी जाणार कोण? बिनचूकरावांना युक्ती सुचली, रबरी शिक्का! 'अपंगांसाठी सोय: आहे.' साहेब इतके खूश झाले की सगळ्यांसमोर पाठ थोपटली. पुढे दुसरा कायदा आला, पहिल्यापेक्षा कडक. 'शक्य असल्यास' गेलं, 'केलेच पाहिजे' आलं, आणि अपंग हा शब्दही बदलला. खात्यातही मोठा बदल झाला. नवा शब्द घालून नवा शिक्का करून घेतला.

स्वतःच्या इमारतीची फाइल तर बिनचूकरावांनी रांगेतून पुढे काढून, एका दिवसात, हसत हसत शिक्का मारून मोकळी केली होती.

"सर," अधिकारी बाई हळूच म्हणाल्या, "रॅम्प होता पण पाडला असं लिहून देता का?"

परत आल्यावर बिनचूकरावांनी हे चिटणीसांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांना जवळजवळ झटका आला. "पाडला? कुणी पाडला? सोय पाडणं गुन्हा आहे, इमारतीवर खटला होईल!" मग बिनचूकरावांच्या मुरलेल्या डोक्यातून दुसरी वाट निघाली. नवा रॅम्प नाही मागायचा. असलेल्या रॅम्पची दुरुस्ती मागायची! दुरुस्तीला परवानगी आठवड्यात मिळते. बाईंना ते एवढंच म्हणाले, "थोडी तांत्रिक अडचण आहे." शिक्क्याबद्दल अवाक्षर नाही. का नाही? चौतीस वर्षांची अब्रू होती ती. निरोप समारंभातलं मानपत्र दिवाणखान्यात टांगलेलं होतं. बाईंच्या डोळ्यांसमोर ते खाली उतरवायची हिंमत त्यांच्यात नव्हती, बस.

दुरुस्तीचा अर्ज गेला. नियमाप्रमाणे आधी पाहणी. पाहणीदार आला, अंगणात फिरला, इमारतीला दोन फेऱ्या मारल्या, पाण्याच्या टाकीमागे वाकून पाहिलं. मग लिहिलं, 'रॅम्प आढळून आला नाही.' चार दिवसांनी इमारतीला नोटीस. मंजूर रॅम्प कुठे गेला याचा सात दिवसांत खुलासा करावा.

इमारतीची सभा बसली. इतकी हजेरी कधीच नव्हती. एक म्हणाला, जमीन खचली असेल. एक म्हणाला, आपण आत्ता पटकन थर्माकोलचा करून फोटो पाठवू. चिटणीस उठले आणि त्यांनी आयुष्यातला सर्वांत तर्कशुद्ध विचार मांडला. "सरकारी कागद खोटं बोलत नाही. कागदावर आहे म्हणजे होता. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे आता नाही. जी वस्तू होती आणि आता नाही, तिला काय म्हणतात? चोरी!"

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी चिटणीसांनी बिनचूकरावांना साक्षीदार म्हणून पोलीस चौकीत नेलं.

"काय चोरीला गेलं?" हवालदाराने विचारलं.

"रॅम्प."

"ही गाडी आहे का?"

"नाही हो, रॅम्प. चढ-उतार. सिमेंटचा."

हवालदाराने पेन खाली ठेवलं, त्या दोघांना नीट न्याहाळलं आणि पेन परत उचललं. "लांबी?"

"पस्तीस फूट," बिनचूकराव म्हणाले. चूक खपायची नाही ना!

"वजन?"

"चार-पाच टन तरी असेल," चिटणीस म्हणाले.

"शेवटचा कधी पाहिला होता?"

चिटणीसांनी बिनचूकरावांकडे पाहिलं. बिनचूकरावांनी छताकडे पाहिलं. "तसं... बारकाईने कधी लक्ष गेलं नाही."

"पाच टनांचा माल अंगणातून गेला आणि लक्ष गेलं नाही. बरं. कुणावर संशय?"

बिनचूकरावांनी परत छताकडे पाहिलं. त्या चौकीत एकाच माणसाला चोर माहीत होता, आणि तो साक्षीदार म्हणून आला होता.

हवालदार कामाचा निघाला, हे दुर्दैव. त्याने खात्यातून मंजूर नकाशाची आणि रकाना सतराची प्रत मागवली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. बिनचूकराव औषधं आणायला गेले होते. दार बाईंनी उघडलं. बिनचूकराव परतले तेव्हा हवालदार चहा पिऊन गेला होता आणि प्रत बाईंच्या मांडीवर होती.

"बसा," बाई म्हणाल्या. वर्गात ज्या आवाजात म्हणायच्या त्याच आवाजात. "ही सही कुणाची?"

बिनचूकराव बसले.

"जागेवर गेला होतात तपासायला?"

"अगं, तेव्हा सगळेच..."

"मी सगळ्यांना नाही विचारलं."

"नाही गेलो."

बाईंनी त्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. त्या संतापल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांचा चेहरा नुसता पांढरा पडला होता, आणि असा चेहरा बिनचूकरावांनी इस्पितळातसुद्धा पाहिला नव्हता. "असे किती मारलेत?"

"एक हजार एकशे चार," बिनचूकराव म्हणाले. चटकन म्हणाले. आकडा विचारला की तोंडातून बरोबर आकडा जायचा, ही चौतीस वर्षांची सवय. तो हवेत गेल्यावर त्यांनी तो ऐकला आणि त्यांना स्वतःलाच धक्का बसला. एवढे? त्यातल्या एकाही दारात आपण उभे राहिलो नाही?

बाईंनी प्रतीची घडी घातली. मग म्हणाल्या, "महिना झाला मी या घरात आहे. मला वाटत होतं माझं नशीब आडवं आलं. आडवे तुम्ही आलात हो."

त्या संध्याकाळी बिनचूकरावांनी प्रतिज्ञापत्र लिहायला घेतलं. मेहुणा धावत आला. "भावोजी, वेडेपणा करू नका! पेन्शन अडकेल. तुमचे तेव्हाचे साहेब वारले ना? घाला की त्यांच्यावर. वारलेल्या माणसाला काय फरक पडतो?" खोटं कशाला बोला, बिनचूकराव पाच मिनिटं त्यावर विचार करत होते. साहेबांचं हस्ताक्षरही त्यांना जमायचं. पण आतल्या खोलीतून बाई कायद्याचं पुस्तक मोठ्याने वाचत होत्या, कलमामागून कलम, आणि प्रत्येक कलमाला 'केलेच पाहिजे' होतं. त्यांनी लिहिलं. 'माझ्या सहीने केलेली रकाना सतरामधील नोंद खोटी आहे. रॅम्प कधीच नव्हता. अशाच एकूण एक हजार एकशे चार नोंदी मी जागेवर न जाता केल्या आहेत.' लिहून झाल्यावर ते उठले आणि मानपत्र स्वतःच्या हाताने खाली उतरवलं. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला.

बाईंनी कायद्याचं कलम घालून स्वतःच्या नावाने रॅम्पचा अर्ज केला, आणि त्यावर सुनावणीची तारीख पडली महिन्याच्या अठ्ठाविसाला. अर्जदाराने खात्यात जातीने हजर राहावे. बाईंनी उलट टपाली कळवलं, 'मला पाच पायऱ्या उतरता येत नाहीत हाच अर्ज आहे. आपल्या खात्याला चढायला अठ्ठावीस आहेत. तरी आपण येणे.' पत्र वाचून खातं सुन्न झालं म्हणे. पण कलमाचा आकडाही दिला होता, त्यामुळे यावं लागलं.

अशी सुनावणी त्या गल्लीने कधी पाहिली नसेल. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर अधिकारी बाई, शेजारी फायलींचं गाठोडं घेतलेला शिपाई आणि आवकची वही घेतलेला कारकून. फाटकात हवालदार, त्याच्या वहीत रॅम्पच्या चोरीचा तपास अजून चालूच होता. गॅलऱ्या भरलेल्या. आणि पाच पायऱ्यांच्या वर, दाराच्या चौकटीत, बाई. खाली बसलेल्या सगळ्यांना मान वर करून बोलावं लागत होतं.

बिनचूकरावांनी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. आवाज दोनदा फाटला. 'कधीच नव्हता' या शब्दांना चिटणीस खाली बसले. हवालदाराने खिशातली वही काढून एक पान फाडलं.

अधिकारी बाई खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "सर, हा कागद मी घेतला तर अकराशे फायली उघडतील. चौकशी लागेल. तुमची, खात्याची, सगळ्यांची. दोन महिने तरी कुठलीच परवानगी निघणार नाही, तुमचीही नाही. त्यापेक्षा हा परत घ्या. मी किरकोळ दुरुस्ती म्हणून उद्या सकाळी सही करते. गवंडी लावा, एक तारखेपर्यंत बाई शाळेत. कुणाला काही कळायचं नाही."

गॅलऱ्यांतल्या चाळीस लोकांना ऐकू गेलं होतं, ते सोडा. पण बिनचूकरावांचा हात कागद घ्यायला पुढे झाला. बायकोसाठी झाला आणि अब्रूसाठीही झाला. कशासाठी किती, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर पहिल्यांदाच बरोबर आकडा सांगता आला नसता.

"एक विचारू?" वरून बाई म्हणाल्या. "त्या अकराशे इमारतींत माझ्यासारखं कुणी असेल का हो?"

अधिकारी बाईंनी फायलींच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पत्रं येतात, बाई."

"मग?"

"आम्ही उत्तर पाठवतो. नोंदीप्रमाणे सोय आहे."

"किती पत्रं?"

"एक कपाट भरलंय," अधिकारी बाई म्हणाल्या आणि खाली बघायला लागल्या.

बिनचूकरावांना तो कपाटाचा आकडा कळेना. पहिल्यांदा कुठला तरी आकडा त्यांच्या डोक्यात मावत नव्हता. चौथ्या मजल्यावर कुणी, तळमजल्यावर कुणी, दारापर्यंत येऊन परत फिरणारं कुणी, आणि त्या प्रत्येकाच्या हातात एकच उत्तर, त्यांच्या वळणदार सहीच्या आधारावर.

"मग नको," बाई म्हणाल्या. "माझा एकटीचा रॅम्प नको. कागद राहू दे."

"अगं, आणि तुझी एक तारीख?"

"तिचं मी बघते."

बिनचूकरावांनी पुढे केलेला हात मागे घेतला नाही. कागद उचलून तो त्यांनी कारकुनाकडे वळवला. "आवक क्रमांक दे याला."

"सर!" अधिकारी बाई उभ्याच राहिल्या. खात्यातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. क्रमांक पडेपर्यंत कागद नुसता कागद असतो. फाडा, हरवा, चहाच्या कपाखाली ठेवा. क्रमांक पडला की तो जिवंत. मग त्याला उत्तर द्यावंच लागतं.

"आत्ता दे. माझ्यासमोर. तारीख घाल, वेळ घाल, पोच दे." आणि ज्या माणसाने चौतीस वर्षं लोकांना वरच्या टेबलाकडे पिटाळलं, तो आपल्याच अंगणात, आपल्याच गुन्ह्याच्या कागदाला क्रमांक पडेपर्यंत कारकुनाच्या डोक्यावर उभा राहिला. कारकुनाने तारीख घातली, वेळ घातली. बिनचूकरावांनी पोच खिशात ठेवली.

आता तुम्ही विचाराल, रॅम्प झाला का? झाला. दोन महिने नऊ दिवसांनी, पस्तीस फूट, दोन वळणं. फायलीही उघडल्या, आणि बिनचूकरावांची चौकशी अजून चालू आहे. रस्त्यात चिटणीसांसारखी माणसं त्यांना बघून पलीकडच्या बाजूला जातात. पण एक तारीख काही दोन महिने थांबणार नव्हती. ती तीन दिवसांनी आली.

त्या दिवशी सकाळी बाई तयार होऊन खुर्चीतून दारात आल्या. बिनचूकरावांनी त्यांच्या नकळत मेहुण्याला आणि तीन दणकट माणसांना फाटकामागे उभं केलं होतं. बाईंनी बघितलं. "त्यांना चहा द्या आणि पाठवा," म्हणाल्या.

मग त्यांनी खुर्चीचा ब्रेक लावला, चौकटीला धरलं आणि स्वतःला जमिनीवर सोडलं. धप्प आवाज झाला. बिनचूकराव ओरडून पुढे धावले.

"हात लावू नका. लावलात तर मी परत वरून सुरू करीन."

त्या पहिल्या पायरीवर बसल्या. दोन्ही हातांनी आधी एक पाय उचलून खाली ठेवला, मग दुसरा. तळवे मागे टेकले, अंग उचललं, आणि एक पायरी खाली आल्या. श्वास घेतला. परत एक पाय, दुसरा पाय, तळवे, अंग. इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून उभा. गॅलऱ्यांतून कुणी टाळी वाजवली नाही. तिसऱ्या पायरीवर त्यांचा हात घसरला, कोपर आपटलं, तोंडातून "आई गं" निघालं, आणि बिनचूकरावांनी स्वतःचेच दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. सात इंच. नकाशात एक रेघ असते ती. त्यांनी अशा हजारो रेघा बघून पान उलटलं होतं. त्यांना भडभडून आलं, आणि चारचौघांत, भर सकाळी, ते हमसून हमसून रडले.

खाली पोहोचल्यावर बाई म्हणाल्या, "रडताय काय, खुर्ची आणा. घट्ट धरा, हलू देऊ नका." दोनदा चढता आलं नाही, तिसऱ्यांदा त्या खुर्चीत बसल्या. कपडे झटकले. केस मागे घेतले.

"किती मिनिटं लागली?"

बिनचूकरावांनी डोळे पुसून घड्याळ पाहिलं. "बारा."

"म्हणजे उद्या बारा मिनिटं आधी निघायचं."

हे बिनचूकरावांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "अगं, उद्या? आणि... आज येताना? वर चढायला?"

"त्याला जास्त वेळ लागेल," बाई म्हणाल्या. "पण तेव्हा मला घाई नसते. चला, पहिला तास माझा आहे."